चारशे बारा पावलं

घरापासून चर्चच्या दारापर्यंत चारशे बारा पावलं होती आणि लिनार्दोस यांना नव्वदच्या पुढे जाता येत नव्हतं. बंदर पोलिसातून निवृत्त झालेला माणूस; पाठ इतकी ताठ की लेफ्काडा या ग्रीक बेटावरच्या गवंड्यांनी ओळंबा म्हणून वापरावी. आता नव्वद पावलांत पाय बधिर व्हायचे.

डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, कण्याचा स्टेनोसिस. परदेशात या शब्दाने रोगी घाबरत असतील. ग्रीक माणसाला तो घरच्या गल्लीइतका ओळखीचा. अरुंद होणं, बस. नसांची वाट अरुंद झाली होती. पुढे वाकून चाललं की ती थोडी मोकळी होते, असंही बाई म्हणाल्या. लिनार्दोसना हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटला.

त्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. तीन आठवड्यांवर लेकीचं, लेमोनियाचं लग्न. बापाने मुलीला हाताला धरून भर पेठेतून चर्चला न्यायचं, आणि गावाने दारात उभं राहून बघायचं.

अशात शेजारच्या काल्योपीने बाबागाडी क्षणभर धरायला सांगितली. दांड्यावर रेलून लिनार्दोस सहज चालू लागले, ते थेट बंदरावर पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून बाळ मागून नेलं. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्याच्या सुनेने जुळी दिली. आठवड्याभरात गावातल्या आयांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या, आणि कॉफीच्या दुकानातले दोस्त लंगोट धुण्याचीही सोय आहे का, असं विचारू लागले.

आर्यिरोने नवऱ्याला गाठलंच. "लेमोनियाला कधी कडेवर घेतलं नाहीत, आणि आता गावची पोरं फिरवताय? काय लपवताय?"

"सकाळची हवा चांगली असते," लिनार्दोस म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मात्र बाबागाडी नेता येणार नव्हती. लेमोनियाचा हात धरून ते निघाले, मनात पावलं मोजत. साठाला डावा पाय बधिर झाला. ऐंशीला उजवा. सगळी पेठ बघत होती. आता इथेच बसावं लागणार, असं वाटत असताना लेमोनिया थांबली.

"बाबा, घोळ पायात येतोय. मागून उचलून धरता?"

"मी?"

"तुम्हीच. दुसरं कुणी धरलं तर मळवून ठेवेल."

लिनार्दोस वाकले. दोन्ही हातांनी झगा उचलून मुलीच्या मागे चालू लागले. तीनशेनंतर त्यांनी मोजणं सोडून दिलं. ती पाठ कुणापुढे वाकलेली गावाने कधी पाहिली नव्हती. बेकरीवाल्यानेही रुमाल काढला. आर्यिरो तर उघडच रडत होती.

चर्चच्या दारात त्यांनी लेक जावयाच्या हाती दिली आणि सावकाश पाठ सरळ केली. मागे फोतिनी शिंपीण धुसफुसत होती.

"गावाला वाटेल, मला माप घेता येत नाही. माप बरोबरच होतं हो. तुमच्या लेकीनेच परवा येऊन घोळ दीड हात वाढवायला लावला. कारण विचारलं तर नुसती हसली."

लिनार्दोसनी आत पाहिलं. लेमोनिया पाद्रीबुवांकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"कारण कसलं," ते म्हणाले. "हट्टी आहे. आईवर गेलीय."