हात हलवत बेक्वियाला

इस्मेची अट एकच होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला होडीनं बेक्विया बेटापर्यंत जायचं, पण कुणाचं काहीही बरोबर न्यायचं नाही. हात हलवत जायचं, हात हलवत यायचं.

गॉडविननं ही अट ताबडतोब मान्य केली, कारण मान्य करणं हा त्याचा स्वभावच होता. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला कॅरिबियन समुद्रातल्या अख्ख्या कॅरियाकू बेटावर 'नाही' म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. परसात त्यानं स्वतःच्या हातानं शिडाची होडी बांधली, तिला 'लेडी इस्मे' असं नाव दिलं, आणि तेव्हापासून ती होडी रिकामी कधी सुटली नाही. मागे एका बारशाला जाताना शेजाऱ्यांची पाण्याची टाकी न्यायची होती. होडीत दुसरीकडे जागाच नसल्यामुळे इस्मे बारशापर्यंत टाकीत बसून गेली होती.

इस्मेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. तिथून परदेशी लोकांच्या पांढऱ्याशुभ्र बोटी जात आणि प्रत्येक बोटीवर एक बाई आडवी पडलेली असे. पाय वर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेला. मासे साफ करता करता इस्मे त्या बाईकडे वर्षानुवर्षं बघत आली होती. बाया बदलत, पण उठून बसलेली तिला एकही दिसली नाही.

"मला एक दिवस तसं पडायचंय," ती गॉडविनला म्हणाली. "एकच दिवस. मग हवं तर मला पुरा."

तिनं रुंद काठाची टोपी घेतली, काळा चष्मा घेतला. जाण्याची गोष्ट गावात कुणाला सांगायची नाही असं ठरलं. गॉडविननं कुणाला सांगितलंही नाही. फक्त कोंबड्यांना दाणे टाकायला टँटी ऑरिसला सांगितलं.

सकाळी दोघं धक्क्यावर आली, तेव्हा तिथे जत्राच जमली होती. सगळ्यांत पुढे टँटी ऑरिस. ऐंशीच्या पुढची असल्यामुळे ती सगळ्या गावाचीच टँटी, म्हणजे मावशी, होती.

"हे पार्सल नाही हं," ती आधीच म्हणाली. "हा केक आहे. बेक्वियाला माझ्या नातीचं लग्न आहे. केकला कधी कुणी पार्सल म्हणतं का?"

"तीन थरांचा?" इस्मेनं विचारलं.

"जड वाटत असेल तर वरचा थर मी इथेच खाऊन टाकते, बाळ. पण नवरी रडेल. तुझ्या नावानं रडेल."

टँटीच्या मागे तिचा मुलगा रॉल्स्टन डोक्यावर डबलबेडची गादी घेऊन उभा होता. "आणि ही तर उलट तुमच्याच सोयीची," गादीखालून त्याचा आवाज आला. "प्रवासात लोळायला."

"म्हणजे मी हिच्यावर लोळू?"

"छे छे! नवरीची आहे. प्लॅस्टिकसुद्धा काढायचं नाही."

त्यानंतर वाटेतल्या युनियन बेटावरच्या लेनॉक्ससाठी एक शिलाई मशीन आलं. इस्मेनं नवऱ्याकडे पाहिलं. गॉडविन समुद्राकडे पाहत होता. वाऱ्याचा अंदाज घेत होतो, असं त्यानं नंतर सांगितलं.

युनियनपासून दुसरा देश लागतो; तिथे कस्टमच्या साहेबानं धक्क्यावरूनच होडी न्याहाळली. डोलकाठीला गादी बांधलेली होती आणि ती शिडापेक्षा जास्त वारा धरत होती. इस्मे शिलाई मशीनवर बसली होती आणि तिच्या मांडीवर केक होता.

"येण्याचं कारण?" साहेबानं विचारलं.

"मौज," गॉडविन म्हणाला.

साहेबानं इस्मेकडे पाहिलं. इस्मेनं साहेबाकडे पाहिलं. त्यानं शिक्का मारून टाकला. पण बेक्वियाला चाललेत म्हटल्यावर त्यानं आत जाऊन एक भलंमोठं पातेलं आणलं. "माझी मावशी राहते तिथे. नुसतं पातेलंच आहे. रिकामंय हो, वजनच नाही."

लेनॉक्सला मशीन मिळाल्याचा इतका आनंद झाला की त्यानं बदल्यात बोकड दिला. "तुम्हाला नाही," त्यानं खुलासा केला. "लग्नाला. टँटीला सांगा, माझ्याकडून. गरीब आहे बिचारा."

"लेनॉक्स," इस्मे शांतपणे म्हणाली, "ह्या होडीत आता मी तरी मावते का, बघ."

"तू बारीक आहेस गं. आणि तो उभाच राहतो."

बोकड उभाच राहिला. नेमका पुढच्या फळ्यांवर, जिथे इस्मे आडवी पडणार होती तिथे.

दुपारी टोबॅगो केज या चिमुकल्या बेटांमधलं उथळ निळं पाणी आलं तेव्हा गॉडविननं नांगर टाकला. त्याच्या मनाला लागलं होतं. त्यानं पातेलं सरकवलं, बोकड आखूड बांधला आणि म्हणाला, "घे. तासभर पड. मी हलतसुद्धा नाही."

इस्मेनं चष्मा लावला, टोपी तोंडावर ओढली आणि ती अखेर आडवी झाली. पाय वर करायला जागा नव्हती म्हणून ते तिनं पातेल्यात ठेवले. पाचएक मिनिटं फार सुखाची गेली. मग तोंडावर ऊन आलं. डोळे उघडून पाहते तर टोपीचा काठ बोकडाच्या तोंडातून लोंबत होता.

ती काही बोलणार, तोच शेजारी नांगरलेल्या मोठ्या पांढऱ्या बोटीवरून एक छोटी रबरी होडी, डिंगी, आली. तीत एक गोरं जोडपं होतं. बाई नीटनेटकी. बाप्या शिजवलेल्या शेवंडासारखा लाल.

"केक कसा दिला?" बाईनं विचारलं. या खाडीत पाव नि मासळी विकणारे होडीवाले फिरतात, तिला तसंच वाटलं असावं.

"विकायचा नाही," इस्मे म्हणाली.

"गादी?"

"नाही."

"मग हे दुकान कसलं?"

"दुकान नाही," इस्मे उठून बसत म्हणाली. "आम्ही मौज करतोय."

"आम्हीसुद्धा," बाई म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की बोकडानंही चघळणं थांबवलं. तिचं नाव फिलिपा. नवऱ्याचं डेस्मंड. "निघाल्यापासून हा कप्तानाला होडी चालवायला शिकवतोय. दोन कप्तान सोडून गेले. तुम्ही कुठे चाललात?"

"बेक्वियाला," गॉडविननं सवयीनं खरं सांगितलं.

"तिथे विमानतळ आहे ना?"

"आहे."

फिलिपानं पायाजवळची बॅग उचलली. ती आधीच भरलेली होती. "मग याला तेवढं सोडाल का? फार जागा लागत नाही त्याला."

डेस्मंडची काहीच हरकत दिसली नाही. तो 'लेडी इस्मे'चं शीड मान वाकडी करून पाहत होता. "तुमचं हे शीड चुकीचं बांधलंय," तो गॉडविनला म्हणाला.

इस्मेनं नवऱ्याकडे पाहिलं. गॉडविनचे ओठ हलले. आयुष्यात पहिल्यांदाच तो 'नाही' म्हणू बघत होता. पण सवय नसल्यामुळे शब्द बाहेर पडायला वेळ लागत होता. त्या वेळात इस्मेनं फिलिपाला विचारलं, "हा गेल्यावर तुमच्या बोटीवर कोण राहणार?"

"मी एकटी."

"स्वयंपाक कोण करतं?"

"आचारी आहे. आणि तिसरा कप्तान."

"आरामखुर्च्या?"

"दोन."

"तुम्ही बेक्वियाला कधी जाणार?"

"काही घाई नाही."

"नाही," गॉडविनच्या तोंडून एकदाचं निघालं. पण तोवर डेस्मंड होडीत चढला होता आणि इस्मे डिंगीत उतरली होती.

"अगं, हे काय?" गॉडविन म्हणाला.

"एक उतरला की एक चढतो, हा तुझ्याच होडीचा नियम आहे," इस्मे म्हणाली. "केक उन्हात ठेवू नकोस. बाकी ते सांगतील तुला."

डेस्मंडनं सांगायला सुरुवात केलीच होती. नांगर कसा उचलावा, दोर कसा ओढावा, बोकड कुठल्या बाजूला असावा. गॉडविननं निमूटपणे शीड चढवलं. पांढऱ्या बोटीजवळून जाताना त्यानं मान वर केली. इस्मे आडवी पडली होती. पाय वर, डोळ्यांवर चष्मा, हातात पेला, पेल्यात लिंबाची चकती.

"इस्मे!" त्यानं हाक मारली. "लग्नात सगळे विचारतील तू कुठेयस. काय सांगू?"

तिनं पेल्यातला एक घोट घेतला. डोकं मात्र उशीवरून उचललं नाही.

"सांग, मागच्या बोटीनं येतेय," ती म्हणाली. "आणि उतरवून घ्यायला चार माणसं धक्क्यावर पाठव. मी काही उठणार नाही."