जावयांच्या अंगातली वीज

जावई तिसऱ्यांदा तलावात उतरले आणि घरातली वीज तिसऱ्यांदा गेली, तेव्हा काकू मिक्सरचं भांडं हातात घेऊनच मागच्या अंगणात आल्या.

"अहो, पुन्हा गेली!"

"मला डोळे आहेत," सर म्हणाले.

सरांनी बत्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर हट्टाने मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधून घेतला होता. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद. पोहायला लागावं तर दुसऱ्या हाताला भिंत लागायची. पण लेक आणि जावई चार दिवस राहायला आले होते, ते खास हा तलाव बघायला. आणि जावई पाण्यात बसले की मुख्य पेटीतला सेफ्टी स्विच टपकन खाली पडत होता. दहा-पंधरा मिनिटं काही केल्या वर राहायचा नाही. मग आपोआप शहाणा व्हायचा.

"मोटरीत काहीतरी असेल," जावई पाण्यातूनच म्हणाले.

मग चाचण्या सुरू झाल्या. लेक उतरली, दिवे चालू. काकूंनी पाय सोडले, दिवे चालू. सर स्वतः लंगोटी वयातल्या उत्साहाने उतरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले, दिवे चालू. जावई पुन्हा धप्पकन बसले. टप.

सगळ्यांनी जावयांकडे पाहिलं.

"काही लोकांच्या घामात क्षार जास्त असतात," सर वर्गात बोलावं तसं म्हणाले. "अशा माणसाचं शरीर म्हणजे एक प्रकारची बॅटरीच. शास्त्रात असे दाखले आहेत." शास्त्रात असा एकही दाखला नव्हता. पण काहीच न बोलणं सरांना कधी जमलं नव्हतं.

जावयांचा चेहरा उतरला. "तरीच, बाबा. ऑफिसातल्या लिफ्टचं बटण मला दोन-दोनदा दाबावं लागतं."

"बाबा, तुम्ही त्याला घाबरवू नका हं!" लेक म्हणाली, पण नवऱ्याला टॉवेल दिला तो काठीच्या टोकाला लावून.

दुपारपर्यंत जावई घरात रबरी चपला घालून फिरायला लागले. फ्रिजला हात लावेनात. काकूंनी त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास लाकडी ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे टेबलावरून हळूच सरकवला. "उद्याच घरी जाऊ आणि सगळ्या तपासण्या करून घेऊ," लेक म्हणाली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षातून चार दिवस लेक यायची, त्यातले तीन या तलावाने गिळायला काढले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात फक्त सरांना ठाऊक होती. तलाव बांधताना वायरमनने फरशीवर खडूने रेघ मारून बजावलं होतं, "काठापासून दोन मीटरच्या आत सॉकेट नाही म्हणजे नाही. पाण्यातले दिवे कमी व्होल्टेजचे. शिडी, कठडा, जे जे धातूचं ते सगळं अर्थिंगला जोडलेलं. आणि वर हा सेफ्टी स्विच. करंट कुठे जरा गळला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज बंद." काकूंनी हे रामरक्षेसारखं पाठ केलं होतं. सरांनीही मान डोलावली होती. आणि पुढच्याच महिन्यात, काकू बहिणीकडे गेल्या असताना, काठापासून जेमतेम हातभर अंतरावर, आरामखुर्चीच्या मागे, स्वतःच्या हाताने एक सॉकेट बसवून टाकलं होतं. चहाच्या किटलीसाठी. वर झाकण होतं, झाकणापुढे एक दांडगी कुंडी. सरांच्या मते विषय तिथेच संपला होता.

म्हणूनच सर कुंडी सोडून इतर सगळीकडे दोष शोधत होते. शेवटी त्यांचा निकाल झाला: स्विचच खराब. तो काढून वायर थेट जोडली की झालं. स्टूल घेतलं, पेचकस घेतला आणि वायरमनला फोन लावला, एवढंच विचारायला की निळी कुठली आणि लाल कुठली.

"सर, खाली उतरा!" फोनमधला आवाज स्वयंपाकघरात काकूंनाही ऐकू गेला. "कशालाही हात लावू नका! मी आलोच. आणि कुणालाही पाण्यात जाऊ देऊ नका!"

वीस मिनिटांत वायरमन स्कूटरवरून हजर झाला आणि त्याने आधी सगळी हकिगत ऐकून घेतली. मेन स्विच बंद करून पेटीची चावी त्याने स्वतःच्या खिशात टाकली. मग जावयांना म्हणाला, "आता उतरा साहेब. सकाळी जसे उतरत होता, अगदी तसेच."

जावयांनी डोळे मिटले आणि धप्पकन बसले. घरच्यांनी श्वास रोखून जावयांकडे पाहिलं. वायरमन मात्र पाण्याकडे पाहत होता. एक लाट काठावरून बाहेर आली, फरशीच्या उतारावरून आरामात निघाली, आरामखुर्चीखालून गेली आणि कुंडीमागे दिसेनाशी झाली. वायरमनने कुंडी बाजूला ओढली.

सॉकेटचं झाकण कुंडीतला पाला अडकून अर्धवट उघडं राहिलं होतं. आत टिकलीएवढं तळं साचलं होतं.

"सर, हे काम कुणाचं?"

सरांनी आभाळाकडे पाहिलं.

"ज्याचं असेल त्याला सांगा," वायरमन हलकेच म्हणाला, "त्या स्विचने आज सकाळपासून चारदा माणूस वाचवलाय. आणि तुम्ही तो काढून टाकत होतात."

काठावर जावई ओलेचिंब उभे होते, पायांनी रबरी चपला शोधत. सर आरामखुर्चीत बसायला गेले आणि बसले नाहीत.

"माझं," ते म्हणाले. "किटलीसाठी."

काकूंनी वाकून सॉकेट नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "चहा मी देत नव्हते का?"

जावयांना मात्र आनंद मावेना. "म्हणजे माझ्यात काहीच नाही?"

"तुमच्यात काही नाही हो, साहेब," वायरमन सॉकेट उखडता उखडता म्हणाला.

जावयांनी तिथल्या तिथे चपला भिरकावल्या, मागच्या दाराशीच असलेला फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. लेक हसली. मग ओल्या फरशीकडे बघता बघता तिचं हसू थांबलं.

"बाबा, पण पाणी बाहेर याच्याच वेळेला का येत होतं? आम्ही उतरलो तेव्हा नाही आलं." ती नवऱ्याकडे वळली. "तू तर म्हणाला होतास, उकडलेल्या भाज्यांनी नऊ किलो उतरलंय."

फ्रिज उघडाच राहिला. दारामागून जावयांचे दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते सरांवर खिळले होते. वायरमनला अचानक पेचकस सापडेनासा झाला.

सबंध दिवसात सरांना खरोखर येत असलेला असा हा पहिलाच प्रश्न होता. बत्तीस वर्षं त्यांनी तो फळ्यावर आकृती काढून सोडवला होता: जितकी वस्तू पाण्यात, तितकं पाणी बाहेर. उत्तर जिभेवर आलं. त्यांनी उघड्या फ्रिजकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"तलाव जरा जास्तच भरला होता," सर म्हणाले.

काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "आणि तो कुणी भरला होता?"

"मीच," सर म्हणाले.