अजून तासाभराचा समुद्र

"तैपेई ते ओसाका, सतराशे किलोमीटर. सुटणार ८:०५, पोचणार ११:४५. तीन तास चाळीस मिनिटं! संपला विषय!"

क्वो तेफांगनं पेन खिशाला लावलं. छत्तीस वर्षं बस डेपोची वेळापत्रकं बसवलेला माणूस. त्याला कोण शिकवणार!

"विमान इतकं सावकाश?" बायको सूच्येन म्हणाली. "म्हैस बरी की मग!"

"समुद्रावरून जपूनच नेतात."

प्रवास साधा नव्हता. वारलेल्या आईची लाकडी नामपट्टी देव्हाऱ्यातून उचलून ओसाकाला, मुलाच्या नव्या घरी बसवायची होती. पूल आला, वळण आलं, की आईला मोठ्यानं सांगायचं. नाही सांगितलं, तर आत्मा वाटेत तिथंच राहतो. म्हणून कधी काय सांगायचं, त्याची तेफांगनं चिठ्ठीच केली होती.

८:०५. "आई, उडालो गं!"

९:५५. "आई, अर्धा समुद्र झाला!" (शेजारचा प्रवासी उठून मागे जाऊन बसला.)

१०:४५. चिठ्ठीप्रमाणे: समुद्र.
विमानाप्रमाणे: जमीन.

"आजोबा, ओसाका आलं," हवाईसुंदरी म्हणाली.

"येईलच कसं? तासभर बाकी आहे!" त्यानं मनगट पुढं केलं. मग लाल कापडात गुंडाळलेली मांडीवरची नामपट्टी घट्ट धरून ओरडला, "आई, उतरू नकोस गं! अजून तासाभराचा समुद्र आहे!"

"अहो, सगळे उतरतायत," सूच्येन म्हणाली.

"चहाला उतरत असतील. मधलंच बेट दिसतंय कुठलं तरी."

चहा पिऊन कोणी परत येईना. झाडूवाल्या बाया आल्या. त्यांनी तेफांगचे पाय उचलून खालचं झाडलं, पाय पुन्हा ठेवले. तेवढ्यात मुलाचा, पायहानचा फोन.

"बाबा, कुठं आहात? सव्वाबारा वाजले!"

"सव्वाअकरा."

"तुमचे, बाबा! इथलं घड्याळ तासभर पुढं असतं. तिकिटावर पोचायची वेळ इथली छापतात!"

तेफांगनं घड्याळ पाहिलं. चिठ्ठी पाहिली. घड्याळ कानाला लावलं. मग असा उठला आणि असा पळाला, की सूच्येनला धाप लागली.

पायहानच्या घरी देव्हारा छान मांडला होता. उदबत्त्या लागल्या. आईचा कौल घ्यायला तेफांगनं चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार.

"आई, आलीस ना?"

दोन्ही पालथे. नाही.

पुन्हा. नाही.

तिसऱ्यांदा. नाही!

तेफांगला घाम फुटला. "उतरताना सांगितलंत का त्यांना?" सूच्येननं हळूच विचारलं.

"उतरू नकोस म्हटलं होतं..."

"ते ऐकलं सगळ्या विमानानं. नंतर?"

नंतर काहीच नाही. त्यानं पुन्हा कौल लावला. "आई, विमानातच आहेस?"

एक पालथा, एक उताणा.

"ते विमान तर मघाशीच तैपेईला परत उडालं," पायहान म्हणाला.

"जन्मात पहिल्यांदा त्यांनी तुमचं ऐकलं हो!" सूच्येन मटकन खाली बसली. हसतेय की रडतेय, कळेना.

तेफांगनं तैपेईच्या शेजारणीला फोन लावला. "त्साईवहिनी, आमचं दार उघडून ठेवा. आई परत येतेय."

"अगंबाई! किती वाजता?"

तेफांगनं मनगटाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं, उलटं मोजलं.

आणि फोन मुकाट्यानं बायकोच्या हातात दिला.