डांबऱ्याचे शनिवार

डांबऱ्याला दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढवायला तीन माणसं लागली. राजेशने पुढून ओढलं, त्याच्या बायकोने, सुरभीने, मागून ढकललं आणि राजेशची आई बायजाबाई यांनी बाजूला उभं राहून दोघांना सूचना केल्या. काट्यावर अडतीस किलो चारशे ग्रॅम असा आकडा आला. डांबऱ्याने त्या आकड्याकडे एकदा पाहिलं, काट्यावरच अंग टाकलं आणि डोळे मिटले.

नऊ वर्षांपूर्वी भिसेगावातल्या रस्त्याचं डांबरीकरण चालू असताना पिंपांच्या मागे हे पिल्लू सापडलं होतं. डांबर कुठलं आणि कुत्रा कुठला हे तेव्हा कळत नव्हतं. खोबरेल तेल चोळून तीनदा अंघोळ घातली तरी काळा तो काळाच राहिला, तेव्हा हा रंग त्याचा स्वतःचाच आहे हे घरच्यांना पटलं. नाव मात्र तोवर पडून गेलं होतं.

डॉक्टर हर्षला यांनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि त्यांचा चेहरा जरा बदलला. "ही गाठ कधीपासून आहे?"

"आठ-पंधरा दिवस झाले," सुरभी म्हणाली. "त्याचसाठी आणलंय त्याला."

डॉक्टरांनी सुईने नमुना घेऊन पाहिला, पण त्यातून नीट काही कळेना. "काढूनच तपासावी लागेल. पण इतक्या जाड कुत्र्याला भूल द्यायची म्हणजे जोखीम आहे. वयही झालंय. बत्तीस किलोवर आणा, मग मी ऑपरेशन करते. तीन महिने थांबू शकतो, त्याहून जास्त नको." मग त्यांनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. "घरात याला जास्तीचं कोण खायला घालतं?"

राजेश आणि सुरभी दोघांनी एकाच वेळी बायजाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता रं?" बायजाबाई कडाडल्या. "मी सकाळची एक भाकरी घालते. एकच! ती पण काल रात्रीची."

 घरी परत येताना रिक्षात डांबऱ्या मधोमध झोपला होता आणि बायजाबाईंचा हात सगळा रस्ता त्याच्या पोटाखाली, त्या गाठीवर होता.

सुरभी कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने त्याच संध्याकाळी फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी उकडलेला लाल भोपळा, संध्याकाळी मोजून दोन वाट्या कोरडं खाणं, मधे काही नाही. केकच्या पिठासाठी आणलेला छोटा काटा आता भोपळ्याच्या फोडी मोजू लागला. राजेश खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. जाता जाता डांबऱ्याला बिस्किटाचा तुकडा टाकायची त्याची सवय होती, तीही बंद झाली. बायजाबाई तर सुरभीच्याही वरताण निघाल्या. कुत्र्याने जमिनीवर पडलेला भाताचा दाणा चाटला तरी त्या झाडू घेऊन धावायच्या.

दर रविवारी भातगिरणीत जिथे पोती मोजतात त्या काट्यावर डांबऱ्याला बसवायचं ठरलं. पंधरा दिवसांनी काटा एकोणचाळीस किलोवर जाऊन थांबला.

"हे कसं शक्य आहे?" सुरभी म्हणाली. "भोपळ्याने कोणी जाड होतं का?"

तिने सासूकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हेच बायजाबाईंना जास्त लागलं. पुढचे चार दिवस त्यांनी सुनेशी अबोला धरला. जे काही बोलायचं ते डांबऱ्याला उद्देशून बोलायच्या. "सांग रं तिला, चहा झालाय. आणि हे पण सांग, की मी चोर नाय."

पण चोर नाही हे सिद्ध करायचं तर चोर पकडायला हवा होता. बायजाबाईंनी नजर ठेवली आणि त्यांच्या लक्षात आलं की इतर दिवशी भोपळ्याची ताटली चाटूनपुसून स्वच्छ करणारा डांबऱ्या शनिवारी भोपळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सकाळी सात वाजता तो अंग झटकतो, फाटकाखालच्या फटीतून पोट आत ओढून कसाबसा बाहेर पडतो आणि साडेनवाला परत येऊन झोपतो.

त्या शनिवारी अबोला बाजूला ठेवून सासू-सून दोघी त्याच्या मागे निघाल्या. डांबऱ्या घाईत नव्हता. कोपऱ्यावरच्या किरणच्या दारात जाऊन तो ताठ बसला. वास्तुशांतीला आलेल्या भटजींनाही इतकं ऐटीत बसता येत नाही. किरण अंघोळ करून, सोवळं नेसून बाहेर आला. त्याच्या हातात स्टीलची ताटली, ताटलीत तांदळाची भाकरी, भाकरीवर तेलाची धार आणि गुळाचा खडा. डांबऱ्याने ते दोन घासांत संपवलं. किरणने त्याला नमस्कार केला. नमस्कार संपेपर्यंत डांबऱ्या पुढच्या घराकडे निघाला होता.

"किरणभाऊजी!" सुरभी ओरडली.

किरण दचकला, पण लाजला नाही. "वहिनी, साडेसाती चालू हाय ना माझी. गुरुजींनी सांगितलंय, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावून भाकरी घाला. पण पूर्ण काळा पायजे. एक पांढरा केस चालत नाय. मी अख्खं भिसेगाव फिरलो. कोणाची शेपूट पांढरी, कोणाची छाती. तुमच्या डांबऱ्याचे तर मी पंजेसुद्धा उलटे करून बघितले, वहिनी. अस्सल माल हाय."

"आणि तो पुढच्या घरी का चाललाय?"

"त्यांच्या मुलीची पोलीस भरती. सुप्रियाची. मागच्या वेळी धावण्यात गुण कमी पडले. मीच सांगितला त्यांना उपाय." किरणला त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. त्याने अशी एकूण सात घरं सांगितली.

बायजाबाई कमरेवर हात ठेवून सुनेकडे वळल्या. "आता बोल."

सुरभीने भर रस्त्यात सासूची माफी मागितली. बायजाबाईंनी ती जरा वेळ घेऊन स्वीकारली.

पुढच्या शनिवारी डांबऱ्याला घरात कोंडलं. सातच्या ठोक्याला फाटकाबाहेर सात ताटल्या उभ्या राहिल्या. "एवढी एकच घेऊ द्या हो," "लांबून टाकतो," "ऐन वेळी उपाय मोडला तर उलटा फिरतो म्हणतात," असा गलका सुरू झाला. आत डांबऱ्या दार खरवडत होता आणि बाहेर लोकांना ते ऐकू जात होतं. सुरभीने फाटकावर पाटी लावली, 'कुत्रा डाएटवर आहे. कृपया काही देऊ नये.' दुपारपर्यंत आळीत बोभाटा झाला की मास्तरीणबाई मुक्या जनावराला उपाशी मारतात. ज्यांना साडेसाती नव्हती असे दोघेजण केवळ दयेपोटी दुधाची पिशवी ठेवून गेले.

गाठीबद्दल मात्र घरातल्या कोणी बाहेर अवाक्षर काढलं नव्हतं. बोललं तर ते खरं होईल अशी भीती सगळ्यांनाच वाटत होती.

शेवटी सुरभीला युक्ती सुचली. पूर्ण काळा कुत्रा हवा ना? मग तो पूर्ण काळाच राहिला नाही तर? शुक्रवारी संध्याकाळी तिने तांदळाचं पीठ घट्ट कालवलं आणि डांबऱ्याच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधोमध, रुपयाएवढा पांढरा ठिपका काढला. विज्ञानाच्या शिक्षिकेने हे करावं का, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. तो तिने सोमवारवर ढकलला.

शनिवारी सकाळी किरण ताटली घेऊन आला आणि जागीच थिजला.

"वहिनी, हे काय?"

"पांढरे केस आलेत," सुरभी भिंतीकडे बघत म्हणाली. "वय झालं आता त्याचं. तुमच्या उपायाला तो चालणार नाही."

किरणने ताटली खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका रात्रीत? बरोबर कपाळावर? अहो वहिनी, माझी पीडा ओढून घेतली हो यानं! कालच माझ्या बदलीची ऑर्डर रद्द झाली!"

पाच मिनिटांत अंगणात पंधरा माणसं जमली. ताटल्या होत्याच, त्यात नारळ आणि पेढ्यांची भर पडली. डांबऱ्याने पहिल्या सहा पेढ्यांचा समाचार घेतला. तेवढ्यात सुप्रियाच्या आईने त्याला कुंकू लावायला बोट टेकवलं आणि अर्धा ठिपका त्यांच्या बोटाला चिकटून आला. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर पीठ हाय."

सगळ्यांनी सुरभीकडे पाहिलं. सुरभीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.  तेव्हा बायजाबाई पायरी उतरून खाली आल्या आणि सुनेच्या पुढे उभ्या राहिल्या.

"तिला काय बघता? तिनं केलं ते कुत्र्यापायी केलं. त्याच्या पोटाला गाठ हाय. कसली हाय ते अजून ठाव नाय. वजन उतरल्याशिवाय डॉक्टर कापणार नाय, आणि तुमी शनिवार आला की सात-सात भाकऱ्या घालता. आमी घरात रोज रात्री त्याचं पोट चाचपून झोपतो." त्यांनी वाकून डांबऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "नऊ वर्षं सांभाळलाय त्याला."

 कोणीतरी डांबऱ्यासमोरचा सातवा पेढा हळूच उचलून घेतला.

"काकी, आधी का नाय सांगितलं?" किरण म्हणाला. मग थोडं थांबून, अपराधी आवाजात, "पण आता उपायाचं काय करायचं?"

"लाव तुझ्या गुरुजींना फोन."

किरणने फोन लावून स्पीकर चालू केला. बायजाबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "गुरुजी, मी डांबऱ्याची आजी बोलते. एक सांगा. तुमच्या उपायानं आमचं कुत्रं मेलं, तर पाप कोणाला? घालणाऱ्याला का सांगणाऱ्याला?"

पलीकडून आधी दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"भाव महत्त्वाचा हो," गुरुजी अखेर म्हणाले. "सेवा महत्त्वाची."

"फिरवून आणणं ही पण सेवाच ना?"

"ही तर... ही तर जास्त मोठी सेवा," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

फ्रिजवरच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लागला. सात घरं, सात वार. ज्याचा वार त्याने डांबऱ्याला उल्हास नदीपर्यंत चालवत न्यायचं आणि परत आणायचं. शनिवारी भाकरी द्यायची, पण नखाएवढी आणि बिनतेलाची. पहिल्या आठवड्यात डांबऱ्या दर विजेच्या खांबाला बसकण मारायचा आणि किरण त्याच्याशेजारी बसून धापा टाकायचा. तिसऱ्या आठवड्यात दोघं न थांबता नदीवर पोचले. सुप्रिया सरावासाठी रोज पहाटे धावायचीच, तिने आपल्या वाराला त्याला सोबत घेतलं. डांबऱ्याला एकदा वेग सापडला तशी त्याच्यामागे धावताना तिचीच दमछाक होऊ लागली. भातगिरणीचा काटा छत्तीस झाला, पस्तीस झाला, चौतीसवर दोन आठवडे अडून बसला, पुन्हा हलला. मळणी संपून गिरणीतली गर्दी ओसरली त्या रविवारी तो एकतीस किलो नऊशेवर आला. गिरणीवाल्याने आनंदाने डांबऱ्याची पाठ थोपटली. पाठीचा कणा हाताला लागला म्हणून तो चकित झाला.

ऑपरेशनच्या दिवशी राजेशने रजा टाकली आणि दवाखान्यात पोचल्यावर 'मला बघवणार नाही' म्हणून तो बाहेर मोटरसायकलवर जाऊन बसला. आत बाकावर सासू-सून शेजारी शेजारी बसल्या. बायजाबाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. सुरभी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचत होती. एकच पत्रक तिने पाऊण तास वाचलं.

डॉक्टर हर्षला बाहेर आल्या तेव्हा दोघी एकदम उभ्या राहिल्या.

"झालं सगळं नीट. शुद्धीवर येतोय तो. गाठ मला चरबीची वाटतेय, पण तपासायला पाठवते. आठ दिवस थांबा."

ते आठ दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, डॉक्टरांचा फोन आला. गाठ चरबीचीच होती, निव्वळ चरबी, कसलाही धोका नाही. सुरभीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रडली. राजेशने फाटकात उभं राहून आळीला ऐकू जाईल अशी बातमी सांगितली. बायजाबाईंनी डांबऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तीन महिन्यांनी त्या घराने मोकळा श्वास घेतला.

शनिवारी सकाळी सुरभी उठली तर घरभर पुरणाचा वास येत होता.

"आई, आज कसला सण?"

बायजाबाई पाठमोऱ्याच राहिल्या. "सण नाय गं. दवाखान्यात बसले होते ना, तेव्हा जीव खालीवर होत होता. बोलून गेले. गाठ साधी निघू दे, अकरा शनिवार पुरणपोळी घालीन."

"कोणाला?"

"काळ्या कुत्र्याला."

राजेश चहाचा कप हातात धरून उभा राहिला. बायजाबाई आणखी खाली आवाजात म्हणाल्या, "एक पण पांढरा केस नसलेल्या. तोंडातून निघून गेलं रं. आणि तसा एकच हाय."

दारात डांबऱ्या येऊन बसला होता. ताठ, गंभीर, पोटावर टाके घातलेला.

"सुरभी, तू समजाव तिला," राजेश कळवळून म्हणाला. "तू शिकलेली आहेस. अकरा पुरणपोळ्या!"

 सुरभीने डांबऱ्याकडे पाहिलं, पुरणाच्या पातेल्याकडे पाहिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुमचे अकरा झाले की मला सांगा. मग माझे सात सुरू करते. मी गूळभाकरी बोललेय."

तेवढ्यात बाहेर किरण आला. टाके असल्यामुळे बरेच दिवस त्याचा फेरा चुकला होता, म्हणून तो नुसती चौकशी करायला आला होता. "वहिनी, कधीपासून न्यायचा डांबऱ्याला नदीवर?"

"टाके सोमवारी काढणार आहेत," सुरभी खिडकीतून म्हणाली. "पण भाऊजी, आता नदीपर्यंत नको. कळंबपर्यंत न्या."

"कळंब?" किरण घाबरला. "वहिनी, तिथं तर मी एसटीनं जातो!"

"मग आता चालत जा," बायजाबाई आतून म्हणाल्या आणि त्यांनी पहिली पोळी तव्यावर टाकली.