जाधव वकिलांची पूर्वसंमती

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात अंगठी बोटापर्यंत आली आणि जाधव वकील उभे राहिले.

"थांबा! मुलीला विचारलं का?"

भटजी थिजले. बाबांचा चेहरा उतरला. बहीण हसली. "हो काका, विचारलंय."

"आधी, की हॉल बुक झाल्यावर?"

"आधी."

"मग चालू द्या."

राऊ गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोक काकांना बघून जिना बदलतात. त्यांच्या दारापुढे स्कूटर लावली की आलेच, "भिया, पूर्वसंमती?" भिया म्हणजे इथल्या बोलीत भाऊ. राजवाड्याजवळच्या पोहेवाल्यानं न विचारता सेव टाकली, तर प्लेट परत. "मतलब, पोट माझं आणि ठराव तुझा?"

आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे इथल्या हिंदी मुलखातली मराठी घरं छाती फुगवून सांगतात. काकाही सांगतात, पण असं: "ते घोड्यावरून न विचारता लोकांच्या गावात घुसायचे. मी विचारत विचारत जातो."

गेल्या वर्षी मला यातली गंमत दिसेनाशी झाली. डोंगरातल्या एका भिल्ल फलियाची, म्हणजे वस्तीची, टेकडी खडी-गिट्टीच्या खाणीला द्यायची होती. कायदा सांगतो, आधी ग्रामसभेला विचारा. सरकारी साहेबांनी विचारलं. कधी? हाटाच्या दिवशी, अख्खा फलिया बाजाराला गेला असताना! रिकाम्या चौकात सभा उरकली, विरोधाला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून संमती गृहीत धरली. याला नुसती चूक कचेरीतले लोक म्हणतात, मी नाही. ही चोरी आहे. घरफोड्या निदान तोंड लपवतो. हे शिक्का मारून येतात.

फलियानं हरकत घेतली. सुनावणीत त्यांचे वकील होते काका. साहेब म्हणाले, "वकीलसाब, वो लोग आते ही नहीं."

"दिवाली के दिन आपके मकान का फैसला यहाँ ऑफिस में रख दूँ?" काका म्हणाले. "आओगे?"

मागे कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

सभा पुन्हा घ्यावी लागली. या वेळी हाट नव्हता. काकांबरोबर मीही गेलो. "आपण बाहेरचे. आपल्याला मत नाही. हात खिशात ठेवायचे," त्यांनी गाडीत मला बजावलं होतं. साहेबांना खुर्ची मिळाली. काका कडेला मातीत बसले. सभेची अध्यक्ष थावरीबाई. तिनं एकेका घराला विचारलं. म्हातारे, बाया, पोरी, सगळे उठून एकच शब्द बोलले. नाही.

साहेब पाणीही न पिता गेले. खाणवाले पुन्हा येतील, दुसरा साहेब घेऊन, दुसरा हाट बघून. म्हणून माझा राग मी अजून उतरू दिलेला नाही.

साहेबांच्या गाडीची धूळ खाली बसल्यावर थावरीबाई पुन्हा उभी राहिली. "एक बात और. वकील आज मेरे घर रोटी खाएगा. सभा को मंजूर है?"

हशा पिकला. सगळे हात वर गेले.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात. त्या फ्लॅटमध्ये काकांना जेवलात का म्हणून विचारणारं कुणी नाही.

मी शेजारी बघितलं. काकांचाही हात वर होता.

"काका," मी हळूच म्हणालो, "आपल्याला मत नाही ना?"

"माहितेय रे," ते म्हणाले. हात काही खाली आला नाही.