स्नाहे सुताच्या गोत्राची हकीकत

श्रीगजानन या सुताच्या टोकास गाठ देवो, म्हणजे हकीकत मध्येच उसवणार नाही. शके सोळाशे नव्वद, सर्वधारीनाम संवत्सरी, वैशाख मासी, एका राज्यी वर्तमान ऐसे जाहले की, शेजारचे राजे हत्तीवर बसून भेटीस येत होते आणि त्यांस सामोरे जाण्यास महाराज उठले, तो तुमान मागून टर्रकन फाटली. मग महाराज लोडास पाठ लावून बसले आणि हुजूरशिंपी गोंदाजी यांस म्हणाले, "सकाळपासून तिसऱ्यांदा! हत्ती वेशीत आला. आता टिकली नाही तर तुझे शिंपीपण गेले."

गोंदाजी मनी म्हणाले, सूत बिचारे काय करील, घेरच ऐसा! आणि चौकात सूत विकीत बसलेल्या, आयर्लंद बेटाहून आलेल्या उनाबाईंस रिळासकट घेऊन आले. परंतु रिवाज ऐसा की, परदेशी वस्तूच्या नावाचे गोत्र ठरल्यावाचून ती राजदेही लावू नये. मग शास्त्रीबोवा पुढे सरले.

"बाई, यास काय म्हणता?"

"स्नाहे."

"अर्थ?"

"सूत हो, बोवा! सुताचा पदर. शब्द फार जुना, मूळ कातण्या-शिवण्याचे."

शास्त्रीबोवांनी मांडीवर थाप मारली. "हा तर आपल्या स्नायूचा चुलतभाऊ! मूळ एकच. एक तिकडे रिळात गेला, एक इकडे देहात."

गोंदाजी सुई ओवू लागले, तो बोवा ओरडले, "थांब! स्नायू महाराजांच्या देही, तेव्हा सूत महाराजांचे सगोत्र. सगोत्री संबंध कैसा जोडावा?" आणि मग पंडितांनी

(येथे चार ओळी वाळवीने खाल्ल्या. वाळवीचे गोत्र कोणी विचारिले नाही.)

आणि दाराशी नगारा वाजला. गोंदाजींचा धीर सुटला. "शास्त्रीबोवा, संबंध तुमानीशी जोडायचा आहे, महाराजांशी नव्हे! तुमान कापसाची. तिचे घराणे वेगळे."

"मग विवाह होतो," बोवा म्हणाले, "पण विधीवाचून नव्हे."

मग महाराज पालथे निजले आणि अंतरपाट धरिला आणि मंगलाष्टके जाहली आणि 'सावधान' होताच गोंदाजींनी पहिला टाका घातला.

"अरे, सावधान तुला म्हणतात!" महाराज कळवळले.

इतक्यात शेजारचे राजे आत आले. लग्न पाहून त्यांनी अक्षता टाकिल्या आणि वधू कोणती हे पुसणे बरे दिसेना, म्हणून शालजोडी महाराजांच्या पाठीवर ठेविली. शेवटची गाठ पडली. महाराज उठले, लवून भेटले. गोंदाजींनी डोळे मिटले. तुमान टिकली.

एवंच, स्नाहे म्हणजे सूत, आणि स्नायूशी नाते खरे. गोंदाजींचे शिंपीपण राहिले, वर तुमानीकडून व्याह्याचा मान मिळाला. महाराज पुढे कोणासही लवून भेटले नाहीत. ते थोरपणामुळे की टाक्याच्या भयाने, हे लिहिणारास ठाऊक नाही.