क्लॅरिनेट कोण वाजवतंय?

रहीमसाहेब रेकॉर्डचं लेबल आधी हाताने झाकतात आणि मगच ती ग्रामोफोनवर चढवतात. वाजवणारा कोण, हे लेबलाने सांगितलेलं त्यांना चालत नाही. "नाव छापलंय म्हणून माणूस तोच हाय कशावरून?" हा त्यांचा लाडका सवाल. जन्मभर लातूरच्या रजिस्ट्री कचेरीत हेडक्लार्की केली, मेलेल्यांच्या नावाने जिवंत अंगठे उठताना पाहिले. मग दुसरं काय होणार!

भूकंपानंतर आमच्या गावात शिकवणी वर्गांचं पीक आलं. एकदा चौकात दोन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर पहिला आलेला मुलगा सारखाच दिसला. रहीमसाहेबांनी स्कूटर लावली आणि भर उन्हात दोन्ही फोटोंतले त्याचे कान तपासले.

"शर्ट बदलता येतो, कान न्हाई. पोरगं एकच हाय. आता क्लास खोटा का पोरगं खोटं, एवढंच बघून राहिलो."

मी भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी, पण मी शिंकलो तरी खरी शिंक का, असं बघतात. मग मीही त्यांच्यावर संशय घेऊ लागलो. पडलेल्या घरांचं सामान भंगारात आलं, त्यातून त्यांनी बऱ्याच रेकॉर्डी उचलल्या होत्या. त्यातली एक ते दार लावून ऐकत. कुठल्याशा जुन्या हॉटेलच्या बँडचं जॅझ. आमच्या गल्लीला ते दोन वरातींचं भांडण वाटे. मला वाटलं, माल चोरीचा असणार.

एका दुपारी पुन्हा जमीन हलली. सगळे रस्त्यावर धावले. कुणी पोरं उचलली, कुणी दागिने. रहीमसाहेब अनवाणी आले आणि त्यांच्या छातीशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली तीच रेकॉर्ड. मग मात्र मी सरळ विचारलं.

"ह्यात क्लॅरिनेट हमीदचं हाय," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ."

कंधारला त्यांच्या घरचा वरातीचा बँड होता. वडिलांशी भांडून हमीद हैदराबादला हॉटेलच्या बँडमध्ये गेला, तो परत आलाच नाही. पत्ता नाही, खुशाली नाही. भंगारातल्या त्या रेकॉर्डवरचं लेबल तर पार निघून गेलेलं. जमीन शांत झाल्यावर त्यांनी मला घरात नेऊन ती लावली.

"वरातीत चालत वाजवणारा पावलावर श्वास घेतो. त्याला खुर्चीत बसवा, तरी श्वास पावलावरच. ऐका."

मला नुसती खरखर ऐकू आली.

"मला पटून राहिलं हो. पण घरचा साक्षीदार चालत न्हाई."

म्हणून कंधारहून उस्मानमामूंना आणलं. बँडचे म्हातारे मास्तर, हमीदला त्यांनीच शिकवलेलं. मामू डोळे मिटून बसले, मान डोलावू लागले. रेकॉर्ड संपली, सुई नुसती घासू लागली, तरी मामू डोलतच होते. रहीमसाहेबांनी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "हमीदच. दुसरा कोन?"

आता उलटतपासणी होणार म्हणून मी सावरून बसलो. रहीमसाहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "मामू, जेवायला बसा."

मामूंना बसमध्ये बसवून आम्ही परत निघालो, तेव्हा मला राहवलं नाही. "साहेब, मामूंना ऐकू येतं का?"

"न्हाई. लई वर्षं झाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असल्याशिवाय बोलावलं का?"

"मग हा कसला साक्षीदार?"

ते चालता चालता थांबले. माझी कीव आली त्यांना, हे चेहऱ्यावर दिसलं.

"हमीदला बघितलेलं मानूस आता तेवढं एकच उरलंय. मी एकट्यानं किती दिवस ऐकायचं?"